काठावरची रेघ

पट्टीकाकांना जखमेवरून माणसाचं वय कळायचं. जयपूरच्या रेल्वे दवाखान्यात ते जखमा धुऊन पट्ट्या बांधणारे ड्रेसर होते, मूळचे नागपूरकडचे, आमच्याच कॉलनीत राहणारे. नऊ वर्षांची असताना मी झोटवाड्याच्या रस्त्यावर सायकलवरून पडले. "काहून रडून राहिली?" ते म्हणाले. "पाच दिवसांनी कोणता गुडघा फुटला तेही सांगता येणार नाही तुला." तसंच झालं.

एक्स-रेच्या जुन्या फिल्म धुऊन ते काचेसारख्या करत. जखम मोठी असली की दर आठवड्याला तिच्यावर फिल्म धरून काठाकाठाने पेनाची रेघ ओढत. मग सगळ्या फिल्म एकावर एक ठेवून उजेडात बघत. मुलांच्या रेघा भराभर आत सरकत. म्हाताऱ्यांच्या एकमेकींवरच बसलेल्या असत. "पोराचं मांस घाईत असते," ते म्हणत. "म्हाताऱ्याचं मतलब सरकारी फाइल!"

निवृत्तीनंतर बूट घासून त्यांच्याच टाचेला जखम झाली. दोन आठवड्यांत लहान झाली नाही तर दाखल व्हा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काकू आधीच वारल्या होत्या, काकांची नजर अधू झालेली. रेघ काढायला त्यांनी मला बोलावलं. "तुझा हात हलत नाही, अन् तू बडबडतही नाहीस."

दुसऱ्या आठवड्यात काठ थोडा बाहेरच सरकला होता. वयाबरोबर पेशींचं काम कसं मंदावतं, हे मला कॉलेजातल्या जीवशास्त्रामुळे इंग्रजीतून पाठ होतं. मराठीत, त्यांच्यासमोर, एक शब्द सुचेना. मी रेघ मागच्या रेघेपेक्षा तांदळाच्या दाण्याएवढी आतून काढली. त्यांनी फिल्म खिडकीशी धरली. "बघ! लाजलं शेवटी म्हातारं मांस." ते दवाखान्यात गेले नाहीत. पुढच्या आठवड्यातही मी आतूनच काढली.

महिन्याभरात ताप चढला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मी भेटायला गेले तेव्हा ते छताकडे बघत होते.

"रेघ आतून होती ना, पोरी?"

मी होकारार्थी मान हलवली.

"काठावरूनच काढायची असते. काठ कसाही असू दे."

मला वाटलं, आता ते मला दारात उभं करणार नाहीत. घरी आल्यावर त्यांनी मलाच बोलावलं. कापलेल्या पायाची जखमही भरत नव्हती. पुढे ते गेले तेव्हाही ती उघडीच होती. पण बोलावलं त्या दिवशी मी फिल्म धरली आणि काठावरून रेघ काढली.

"सरकली?"

"नाही, काका."

"बरं," ते म्हणाले, आणि फिल्म उजेडात न धरताच त्यांनी उशीखाली ठेवली.