तोंडानं हो, कार्डानं नाय

वनिताबाई भोईरांची आजवरची सगळी नोकरी एक 'होऽऽ' ऐकण्यात गेली. शिकवून झालं की बाई विचारायच्या, "समजलं का?" आणि प्रश्न पुरता तोंडातून बाहेर पडायच्या आत पोरं सुरात ओरडायची, "होऽऽ बाई." एकदा वैतागून त्या म्हणाल्या, "उद्यापासून सूर्य मावळतीला उगवणार आहे, समजलं का?" तरी होऽऽच. आता बोला. या पोरांना खरंच काही कळतंय, की आपण भिंतीला शिकवतोय, हा एकच घोर बाईंच्या जिवाला लागून राहिला होता.

शाळा कळंबच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. बाई दहिवलीहून स्कूटीवर यायच्या. शाळेत रसायनीच्या कुठल्याशा कारखान्यानं दिलेला टीव्ही होता, पण तो कायम रुमालाखाली. मग एका प्रशिक्षणात बाई कार्डांची युक्ती शिकून आल्या. प्रत्येक पोराच्या हातात पुठ्ठ्याचं एक कार्ड, त्यावर काळी नक्षी. सुलटं धरलं की 'हो', उलटं धरलं की 'नाही'. प्रत्येकाची नक्षी निराळी, त्यामुळे शेजाऱ्यानं काय धरलंय ते कुणाच्या बापाला कळत नाही. बाईंनी वर्गावरून मोबाइलचा कॅमेरा फिरवला की टीव्हीवर 'हो' आणि 'नाही'चे दोन पट्टे सरसर वर चढायचे.

पहिल्याच दिवशी बाईंनी अपूर्णांक शिकवले आणि विचारलं, "समजलं का?" तोंडानं होऽऽ झालं. मग कार्डं वर झाली. 'नाही'चा पट्टा थेट टीव्हीच्या वरच्या कडेला जाऊन टेकला, आणि 'हो'चा उगवलाच नाही. बाई खुर्चीत बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "अरे मेल्यांनो, मग तोंडानं हो कशाला म्हणता रं?"

धाऊ उभा राहिला. "मोठ्या मानसाला तोंडावर नाय म्हनू नये, आय सांगते. तुमाला वाईट वाटंल ना."

इतकी वर्षं पोरं बाईंचं मन राखत होती. बाईंना हसू आवरेना, आणि मधेच रडूही आलं.

मग काय, वर्गाला कार्डांचं खूळच लागलं. खो-खो की लंगडी, कार्डं वर. खिचडीत मीठ जास्त झालं का, कार्डं वर. खिचडी करणाऱ्या जनीमावशीनं तो पट्टा पाहिला आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. बाईंची नवी पोपटी साडी तर बहुमतानं पडली, बाईंनी ती नणंदेला देऊन टाकली. पण 'नाही' आलं की बाई पुन्हा शिकवत, भाकरी मोडून, चिंचोके मांडून, आणि अपूर्णांकांचा 'हो'चा पट्टा बोटबोटभर वर यायला लागला. स्कूटीवरून घरी जाताना बाई एकट्याच मोठ्यानं गायच्या. समोरून येणारे टेंपोवाले वळून बघायचे, तर बघू देत.

अशात निरोप आला. केंद्रप्रमुख मोकल साहेब वर्ग बघायला येणार, आणि शाळा लहान म्हणून टीव्ही उचलून मोठ्या शाळेला द्यायचं त्यांच्या मनात आहे. टीव्ही गेला की पट्टे गेले, पट्टे गेले की पुन्हा नुसता होऽऽ.

साहेब यायच्या आदल्या दिवशी चिंधीनं हळूच विचारलं, "बाई, सायेब आल्यावर कंची बाजू वर धरायची?"

'सुलटी,' हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "खरी असंल ती धर गं बाय."

साहेब आले, मागच्या बाकावर बसले. पाहुण्याला रिकाम्या हातानं कसं बसवायचं म्हणून धाऊनं एक उरलेलं कार्ड त्यांच्याही हातात दिलं आणि उलटं-सुलटं समजावून सांगितलं. बाईंनी अपूर्णांकांची वजाबाकी शिकवली. होऽऽ दणक्यात झालं, पण टीव्हीवर पट्टे निम्मे-निम्मे. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "थांबा, मी समजावतो," म्हणत ते उठले. त्यांनी फळा भरून काढला, खडू मोडला, घाम पुसला.

"आता समजलं?"

"होऽऽ सायेब."

कार्डं वर झाली, आणि 'हो'चा जो निम्मा पट्टा होता तोही जमीनदोस्त झाला.

बाईंनी डोळे मिटून घेतले. साहेब टीव्हीकडे बघत राहिले. "माझ्या मीटिंगमध्येसुद्धा सगळे हो म्हणतात," ते हळूच म्हणाले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. तिथूनच त्यांनी गंभीरपणे विचारलं, "मुलांनो, हा टीव्ही मोठ्या शाळेला द्यायचा म्हणतोय. पटलं का?"

"होऽऽ सायेब," सवयीनं सगळा वर्ग ओरडला. झालं, बाई मनात म्हणाल्या. आपल्याच पोरांनी आपला टीव्ही होऽऽ करून देऊन टाकला.

"तोंडाचं राहू द्या," साहेब म्हणाले. "बाई, कॅमेरा फिरवा."

बाईंनी मोबाइल पार मागच्या बाकापर्यंत फिरवला. 'नाही'चा पट्टा सुसाट वर गेला आणि त्यावर आकडा उमटला, पंचवीस. बाईंना वाटलं, मशीन बिघडलं. वर्गात पोरं तर चोवीसच होती. त्यांनी मान वर करून पुन्हा मोजलं. मागच्या बाकावर मोकल साहेबांचं कार्ड अजून वरच होतं.