बिनमुहूर्ताची बदली

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडणार याचा मनापासून आनंद झालेली आमच्या ऑफिसात मी एकटीच असेन. मी जर्मनीत, फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नला, नवरा लंडनच्या एका बँकेत, आणि त्याच बँकेचं काम फ्रँकफर्टला हलवण्याची आखणी आमच्याकडे. त्याचा विभागही इकडेच येणार होता. तोवर तो एकाआड एक शनिवारी यायचा आणि रविवारी संध्याकाळी परत जायचा.

आमच्या जर्मन बॉसच्या आखणीत माणसं हलायची ती ब्रिटन बाहेर पडल्यावरच. आणि ती तारीख काही केल्या येईना. मार्चची एप्रिल झाली, एप्रिलची ऑक्टोबर. ऑफिसात मी शहाण्यासारखी नवी आखणी करायची आणि घरी येऊन रडायची.

सासूबाई तेव्हा नागपूरहून नातीला सांभाळायला आल्या होत्या. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आपण धम्मात आलो तेव्हाच मुहूर्त सोडले. तुझं लग्नसुद्धा सगळ्यांना सुट्टी होती म्हणून त्या रविवारी लावलं. आणि तुझे एवढे शिकलेले साहेब मुहूर्त धरून बसलेत?"

"अहो आई, मुहूर्त नाही तो. कायद्याची तारीख आहे."

"मग त्याआधी येऊ नका, असं कायदा म्हणतो का?"

म्हणत नव्हता. इतक्या दिवसांत आमच्यापैकी कुणी हे विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी ते विचारलं, आणि या माणसांत माझा नवराही आहे, हेही सांगून टाकलं. "गेनाऊ, अगदी बरोबर," बॉस म्हणाला, "माणसं आधीच हलवा. तुमच्याकडून तरी उशीर व्हायचा नाही."

सप्टेंबरात नवरा दोन बॅगा आणि प्रेशर कुकर घेऊन आला. ब्रिटनची तारीख त्यानंतर पुन्हा पुढे गेली. जाईना का, मला काय त्याचं.

पहिल्याच रविवारी संध्याकाळी आमची चार वर्षांची मुलगी नेहमीसारखी त्याचे ऑफिसचे बूट घेऊन दाराशी उभी राहिली. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मन. "पापा, डाइने शूहे."

"ठेव गं ते," तो म्हणाला, "आता मी जाणार नाही."

तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बूट पोटाशी धरून आत गेली आणि आपल्या पलंगाखाली पार भिंतीपर्यंत सारून आली. सकाळी ते मागितले तर मान हलवून नाही म्हणाली, "नाइन." नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी तो सुटाखाली खेळाचे बूट घालून गेला.