भर दुपारी उडवून दाखवा

मे महिन्यात सकाळी सहाला हेलिकॉप्टर उडवायचं आणि उन्हाळ्याची चाचणी झाली म्हणून हात झटकायचे, ही शक्कल ज्याने काढली त्याने खानदेशातला एक मे पंख्याशिवाय काढून दाखवावा. हे मी त्या वेळी तोंडावर बोललो होतो. निवृत्तीनंतर माणूस मवाळ होतो म्हणतात. मी काही झालो नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी फौजेत हेलिकॉप्टर उडवायचो. आमची हेलिकॉप्टरं पार म्हातारी झाली होती. एकाचा सुटा भाग काढून दुसऱ्याला लावायचा आणि पहिलं शेडमध्ये झाकून ठेवायचं, असा आमचा कारभार चालला होता. शेवटी वरून ठरलं की नवी घ्यायची. परदेशी कंपन्या आपापली मशीनं घेऊन आल्या आणि ती उडवून पाहणाऱ्या तुकडीत माझं नाव लागलं. पत्नीला वाटलं, बढतीची पायरी आली. मला मात्र नाना आठवले.

नाना म्हणजे मला उडायला शिकवणारे माझे सीनियर. ते धुळ्याचे, मी फैजपूरकडचा. साऱ्या युनिटमध्ये खानदेशी आम्ही दोघंच. हेडफोनवर ते माझ्याशी अहिराणीत बोलायचे, माझ्या बोलीची टिंगल करायचे आणि ऐकणाऱ्या बाकीच्यांना वाटायचं की ही काहीतरी गुप्त भाषा चालली आहे. असाच एक मे महिना होता. झाडांनी वेढलेल्या एका मैदानातून भर दुपारी, सगळ्या सीट भरून नानांना उडायला लावलं. हेलिकॉप्टर उचललं, पण वर चढेना. शेपटी झाडाला लागली. कोणीच वाचलं नाही. चौकशी झाली आणि निष्कर्ष निघाला की चूक वैमानिकाची.

त्या दुपारी मी दुसऱ्या हेलिकॉप्टरमध्ये माझ्या पाळीची वाट पाहत बसलो होतो. सगळं डोळ्यांनी पाहिलं. तापलेली हवा पातळ होते आणि पंख्याला तिच्यात जोर धरता येत नाही, हे आमच्या धंद्यातलं पोरसुद्धा जाणतं. मी चौकशीत ते सांगितलंही. ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. धुळ्यात नानांची आई होती, तिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. तिच्या मुलाने स्वतःच्या चुकीने माणसं मारली, असं तिला गल्लीतून ऐकावं लागत होतं.

म्हणून उन्हाळ्याची चाचणी कुठे घ्यायची हा विषय निघाला तेव्हा मी धुळ्याचं नाव पुढे केलं. शहराबाहेर धावपट्टी होती आणि ऊन तर सरकारी खर्चाशिवाय मिळत होतं. तुकडीचे प्रमुख कर्नल पुण्याचे होते. खानदेशची ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी खायची म्हणून धुळं काढलंस ना, म्हणून त्यांनी मला चिडवलं. मी हसलो. हेच कर्नल नानांच्या चौकशीत बसले होते, हे मी विसरलो नव्हतो.

कंपनीचं हेलिकॉप्टर आलं. नवंकोरं, देखणं, दार लावलं तर आवाजही न करणारं. मलाही ते आवडलं, खोटं का बोलू. त्याच्याबरोबर एक गोरा पायलट होता आणि कंपनीचा एक देशी प्रतिनिधी. धुळ्याच्या मे महिन्यात टाय लावून फिरणारा तो पहिलाच माणूस असावा. त्याने कार्यक्रम आखून आणला होता. सकाळी सहाला वाळूची पोती भरून उड्डाण, आठला नाश्ता, दहाला सर्किट हाऊस. मी विचारलं, दुपारचं काय? तो म्हणाला, मे महिना तर आहेच ना सर.

पहिल्या सकाळी मी उडालो. गार वारा होता, भरल्या पोत्यांसकट हेलिकॉप्टर फुलासारखं उचललं. खाली टाळ्या पडल्या. मी उतरून सांगितलं की छान आहे, आता हेच दोन वाजता करू. प्रतिनिधी कर्नलांकडे बघायला लागला. कर्नल मला बाजूला घेऊन म्हणाले की तुझ्या बढतीचा कागद माझ्या टेबलावर आहे, उगाच फाटे फोडू नकोस. मी म्हटलं, कागद टेबलावरच राहू द्या. दुपारी उडाल्याशिवाय मी या मशीनला चांगलं म्हणणार नाही, आणि चाचणीचा पायलट मी आहे. मग मी कडुलिंबाखाली खुर्ची टाकली आणि बसून राहिलो. नाश्त्यालाही गेलो नाही. भूक लागली होती, पण राग जास्त होता.

धुळेकरांना बातमी लागायला वेळ लागत नाही. कुंपणापाशी माणसं जमली, बर्फाच्या गोळ्याची गाडी आली, कोणी छत्री घेऊन, कोणी डोक्यावर ओला रुमाल टाकून उभं राहिलं. त्यांच्यात अक्का होती. मी शिपायाला सांगून तिला सावलीत आणवलं. तिने डबा आणला होता. शेवेची भाजी, भाकरी, कांदा. मी जेवलो, ती बघत बसली. मग म्हणाली, "मना पोऱ्यानी चूक व्हती का नही, इतलंच सांग."

तिला मी यापूर्वी हजारदा नाही म्हटलं होतं. पण मी नानांचा चेला; माझ्या शब्दाला तिच्या गल्लीत काय किंमत? ज्यांनी चूक ठरवली त्यांच्या तोंडून तिला ते ऐकायचं होतं. हे मला त्या लिंबाखाली नीट कळलं आणि मग मला कोणीही उठवू शकलं नसतं.

दोन वाजले. पत्र्याला हात लावला की चटका बसत होता. दुसरा पायलट दिल्लीहून येईपर्यंत दोन दिवस जाणार होते, म्हणून कर्नल नाइलाजाने तयार झाले. तेवढ्यात प्रतिनिधीने सुचवलं की काही पोती काढू या, दुपारी एवढं वजन कोण भरतं?

"नानांच्या हेलिकॉप्टरमध्ये भरलं होतं," मी म्हणालो.

कर्नलांचा चेहरा कडक झाला. ती वैमानिकाची चूक होती, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. अक्का तिथेच होती. माझं डोकं फिरलं. मी स्वतः चढून मागची दोन पोती खाली ओढली आणि म्हणालो, "मग साहेब, या दोन पोत्यांच्या जागी तुम्ही बसा. मागे बसून माझी चूक पकडा."

फौजेत वरिष्ठाशी असं बोलत नाहीत. प्रतिनिधीने मान फिरवली. कर्नल मात्र आले आणि बसले. एवढा मान त्यांना द्यायलाच हवा.

गोरा पायलट माझ्या शेजारी होता. मी हेलिकॉप्टर उचललं. जमिनीलगत ते उभं राहिलं, कारण तिथे ते आपल्याच वाऱ्यावर टेकलेलं असतं. खरी गोष्ट त्याच्या वर सुरू होते. मी पुढे निघालो, वर घ्यायला गेलो, तसं ते हळूहळू बसायला लागलं. इंजिनाचा जोर पुरता लागला होता, काटा लालवर होता, पंख्याचा आवाज जडावला होता. गोऱ्या पायलटने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. त्यालाही करण्यासारखं काही नव्हतं. समोर सपाट धावपट्टी होती, म्हणून आम्ही जिवंत. झाडं असती तर काय झालं असतं हे मागे बसलेल्या माणसाला दिसत होतं.

हेडफोनमध्ये कर्नलांचा आवाज आला, "खाली घे. तुझी चूक नाही."

मी उतरवलं, इंजिन बंद केलं आणि मागे वळून म्हणालो, "हेच बाहेर उभ्या आहेत त्यांना सांगा."

ते मग उतरले, टोपी हातात घेतली आणि अक्कापुढे जाऊन उभे राहिले. "आई, तुमच्या मुलाची चूक नव्हती," ते म्हणाले. अक्काने त्यांच्याकडे बघितलं. रडली नाही. "हाई तव्हय काबरं नही सांगं?" असं तिने विचारलं. कर्नलांना अहिराणी येत नव्हती, पण हे तेव्हाच का नाही सांगितलं असं ती विचारते आहे, हे त्यांना समजलं. 

ते हेलिकॉप्टर घेतलं नाही. अहवालात दुपारी ते वर चढलं नाही असंच लिहिलं गेलं. टायवाला सर्किट हाऊसमधून त्याच संध्याकाळी निघून गेला. धुळं सोडायच्या आधी मी देवपूर भागात अक्काच्या घरी गेलो. मी जरा ऐटीतच होतो. कसं नाही म्हटलं, कसे सगळे गप्प झाले, हे मी तिला दुसऱ्यांदा सांगायला लागलो, तसं तिने मला थांबवलं.

"नव्वाले नही म्हननं सोपं शे, भाऊ," ती म्हणाली. "जुनं आजबी उडी राह्यनं. त्याले कोन नही म्हनी?"

मी चहाचा कप खाली ठेवला. ती बोलली ते खरं होतं. नवं परत गेलं म्हणजे आमच्या पोरांना जुनंच, त्याच उन्हात, त्याच वजनाने उडवावं लागणार होतं, आणि मी पाहुण्याला दार दाखवून घरच्याला हात जोडत होतो.

पुढच्या मे महिन्यात वरची काही साहेब मंडळी पाहणीला आली. दुपारी अडीचला, सगळ्या सीट भरून, सामानासकट जुन्या हेलिकॉप्टरने निघायचं असा हुकूम आला. पायलट मी. मी हुकूम वाचला आणि नाही म्हणालो. संध्याकाळी, दोन फेऱ्यांत नेईन, नाहीतर गाडीने जा. फोनवर फोन आले. माझी बढती, माझी पेन्शन, सगळं मला ऐकवून झालं. मी तिथेच कचेरीच्या पायऱ्यांवर बसलो.

मंडळी संध्याकाळी दोन फेऱ्यांत सुखरूप पोहोचली. उडवणारा मी नव्हतो. माझं नाव त्याच दुपारी उड्डाणाच्या फळ्यावरून पुसलं होतं आणि ते पुन्हा कधी लिहिलं गेलं नाही.