चिठ्ठी न निघालेली गावं

चेन्नईच्या विद्यापीठात आमच्या सरांच्या हाताखाली संशोधन करणारे आम्ही दोघंच. मी मराठवाड्यातल्या तालुक्याच्या शाळेतून आलेलो, घरातला पहिला पदवीधर. ती तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातली, चेन्नईतच वाढलेली. तिच्या मराठीला तमिळ हेल होता. तेवढ्या एका बाबतीत मी वरचढ, असं मनाशी धरून होतो.

मी विकासाचं अर्थशास्त्र शिकलो ते अख्ख्या देशांचं. बचत, गुंतवणूक, शेतीतून कारखान्याकडे वळणारे हात. चेन्नईबाहेर गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत उतरणारी कामगारांची गर्दी पाहिली की पुस्तकातला सिद्धांत खरा वाटे. पण मी संशोधनाला लागलो त्या दशकात या विषयातलं वारं फिरलं. आता प्रश्न लहान झाले होते. एकसारखी गावं निवडायची, चिठ्ठ्या टाकायच्या, निम्म्या गावांना सोय द्यायची, बाकीच्यांना नाही, आणि मग फरक मोजायचा. सरांच्या अशा प्रकल्पात एकच जागा होती. विषय होता मुलांसाठी संध्याकाळची मोफत शिकवणी. तशाच शिकवणीवर मी वाढलो होतो. जागा मात्र तिला मिळाली.

मला जेवण गोड लागेना. सर तिच्याशी बोलताना हसले तरी खुपायचं.

एकदा कँटीनमध्ये मी म्हणालो, "चिठ्ठ्या कशाला टाकता? शिकवणीचा उपयोग होतो. पुरावा समोर बसलाय."

"तू शिकवणीमुळे इथवर आलास, की येणाराच होतास म्हणून शिकवणीला जात होतास?" डोशाचा तुकडा मोडत तिनं विचारलं.

"आमच्या गुरुजींवर शंका घेतेस?"

"तसं नाही पा," ती तिच्या तमिळ लकबीत म्हणाली. " तुझ्यासारखाच दुसरा दाखव, शिकवणीला न गेलेला. मग बोलू."

ज्या गुरुजींचे उपकार मी उठताबसता आठवायचो, तेही हिला तपासून हवे होते.

पण तसा दुसरा होता. माझ्याच बाकावरचा, गणितात माझ्यापेक्षा चांगला. संध्याकाळी त्याला वडिलांच्या केशकर्तनालयात थांबावं लागे. चेन्नईला निघायच्या आदल्या दिवशी त्यानंच माझे केस कापले. आरशातून माझ्याकडे बघत राहिला. ती नजर कसली, ते तेव्हा कळलं नव्हतं. आता कळली, कारण इतके दिवस मी हिच्याकडे तसाच बघत होतो.

हेवा गेला नाही. पण दुसऱ्या दिवशी मी सरांकडे काम मागितलं. चिठ्ठी न निघालेल्या, म्हणजे शिकवणी न मिळालेल्या गावांतल्या मुलांची पाहणी करायला कुणी तयार नव्हतं. ती पाहणी मी मागून घेतली.