विहिरीला पाणी होतं

“पाहिलं का ऐकलं?”

कुणी काहीही सांगितलं, की साहेब आधी हेच विचारायचे. चहा आलाय म्हटलं तरी. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण आमच्या साहेबांना स्वतः पाहिल्याशिवाय खुर्चीत बसवतच नसे.

लातूर जिल्हा नवा होता, त्यात दुष्काळ. टंचाईच्या कामात साहेब गावोगावच्या विहिरी तपासायचे आणि मी, नवा कारकून, त्यांचे अहवाल लिहायचो. दुसऱ्याच्या कागदावर त्यांचा भरवसा नव्हता. एसटीनं, सायकलनं, कधी पायी जायचे. दोराला दगड बांधून विहिरीत सोडायचे आणि भिजलेला दोर मोजायचे. “दोर खोटं बोलत न्हाई,” म्हणायचे.

चाकूरकडच्या एका गावात आम्ही दोघं गेलो होतो. विहिरीला पुरुषभर पाणी लागलं. मी लिहिलं, टँकरची गरज नाही. त्यांनी सही केली.

पंधरा दिवसांनी तिथल्या बौद्ध वस्तीतली एक म्हातारी कचेरीत आली. वस्तीच्या आटलेल्या आडात तिची सून पाण्यासाठी उतरली होती. दरड कोसळून तिचा पाय मोडला होता.

“बाई, गावच्या विहिरीला पाणी हाय. मी स्वतः पाहिलंय,” साहेब म्हणाले.

“हाय की. आमाला कुठं भरू देत्यात?”

साहेब उठले, फेऱ्या मारू लागले. मग माझ्यापुढं थांबले. “तुला माहीत होतं?”

मीही बौद्ध. आमच्या गावातही तेच चालायचं. “होतं, साहेब.”

“मग बोलला का न्हाईस?”

“तुमी दोर मोजत होता. मला इचारलं न्हाई.”

साहेब म्हातारीबरोबर तिच्या परतीच्या एसटीनं गावी गेले. परतल्यावर जुन्या अहवालाखाली स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘माझी पाहणी चुकली. वस्तीला पाणी नाही.’ वरचे साहेब खूप बोलले, पण टँकर गेला.

त्यानंतर कुठल्याही गावी आम्ही आधी वस्तीत जायचो. साहेब ओट्यावर टेकायचे आणि मला म्हणायचे, “तू इचार. काय इचारायचं ते तुला ठाऊक हाय.” मी विचारायचो. ते मान खाली घालून लिहून घ्यायचे.

उन्हाळा सरायच्या आत त्यांची माहूरकडं बदली झाली.

चाकूरकडच्या त्या गावी पुढच्या पाहणीला मी एकटाच गेलो. म्हातारी माझ्यामागच्या रस्त्याकडं बघत राहिली. “ते न्हाई आले?”

“बदली झाली, आजी.”

“मग त्यांना कळवा. सून चालायलीय म्हणावं. जरा लंगडती, पण चालायलीय.”

मी माहूरला पत्र टाकलं. ते परत आलं, म्हणून तिथल्या कचेरीत चौकशी केली. साहेब नोकरी सोडून गेले होते. कुठं, ते तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं.