चौथं प्रोटीन

फसलेला प्रयोग फेकून देता येतो, त्याचा किस्सा नाही. तो साठत राहतो. मी सिॲटलजवळच्या एका लॅबचं सामानसुमान सांभाळते, त्यामुळे साठलेल्या गोष्टींची मला सवय आहे! यातले बरेच किस्से मिलिंदचे. मिलिंद आमचा संशोधक, मूळचा नागपूरचा. मला मावशी म्हणायचा.

*

बेलव्ह्यूच्या मराठी मंडळींच्या एका पॉटलकला, म्हणजे घरोघरून पदार्थ आणून केलेल्या जेवणाला, जोशीकाकूंनी त्याला विचारलं, "तू नक्की करतोस काय रे?"

मिलिंद प्लेट ठेवून सरसावला. "काकू, पेशीतला डीएनए अधूनमधून तुटतो. एकट्या प्रोटीनला तो सांधता येत नाही. चार प्रोटीनं एकमेकांना धरून येतात, तुटलेली टोकं पकडून ठेवतात, मग दुरुस्ती होते."

"म्हणजे आमच्या सोसायटीची कमिटी!" काकू म्हणाल्या. "मग दुरुस्ती होते कशी?"

*

काम ऐकायला सोपं. पेशी फोडायच्या, ही चौकडी अख्खी बाहेर काढायची, चिकटलेला कचरा मिठाच्या पाण्याने धुवायचा. मिलिंदला दर वेळी तीनच प्रोटीनं सापडायची. आमच्या बॉस लिंडा मॅडम म्हणायच्या, "अजून क्लीन हवं." की हा मीठ वाढवून पुन्हा धुणार.

मी म्हटलं, "अरे, प्रोटीन धुतोयस की लोणच्याची बरणी?"

"मावशी, मॅडमना चकाचक लागतं!"

प्रोटीनं वेगवेगळी करून दाखवणाऱ्या जेलवर तीन पट्टे यायचे, एकेका प्रोटीनचा एक. अगदी चकाचक.

*

मिलिंदचा पगार ज्यातून निघायचा ती ग्रँट उन्हाळ्यात संपणार होती. चौथं प्रोटीन दिसलं तर मिलिंदची नोकरी राहणार, आणि नोकरी राहिली तरच व्हिसा. हे त्याच्या दुसरीतल्या सईलाही ठाऊक होतं. बाबा दारात आला की ती विचारायची, "डिड इट कम?"

"नाही गं."

"मेबी इट्स शाय, बाबा."

मिलिंदने हे मीटिंगमध्ये सांगितलं. सगळे खूप हसले.

"शाय वगैरे काही नाही," मॅडम म्हणाल्या. "ते बहुधा तिथे नसतंच."

*

उन्हाळ्यात ग्रँट संपली. मिलिंदच्या सेंड-ऑफला केक आणला. मॅडम म्हणाल्या, "इतका काळजीपूर्वक काम करणारा माणूस मी पाहिला नाही." मिलिंदने केकची सुरीसुद्धा धुऊन, पुसून ठेवली. मग आपलं टेबल असं लखलखीत केलं, की मला बघवेना.

"राहू दे रे आता," मी म्हटलं.

"नको मावशी. नवीन येणाऱ्याला वाटायला हवं, इथे कोणी नव्हतंच!"

*

काही महिन्यांनी दुसरी ग्रँट मिळाली, तिच्यावर नवीन आला तो केव्हिन. गोड पोरगा, पण आळशी. मिठाचं पाणी संपत आलं होतं. नवं बनवायच्या कंटाळ्याने त्याने उरलेल्यातच साधं पाणी ओतलं आणि एकदाच धुतलं. जेलवर चार पट्टे! चौथा बारीक, पण स्पष्ट. जास्त मिठाने चौथ्या प्रोटीनची पकड सुटायची, आणि इतके महिने ते सिंकमध्ये वाहून जात होतं. मॅडमनी केव्हिनला मिठीच मारली.

मी नागपूरला फोन लावला. सगळं ऐकून मिलिंदने एवढंच विचारलं, "मीठ किती होतं?"

"तुझ्या निम्म्याहून कमी."



"मावशी, तुम्ही फोन केलात हे मॅडमना सांगू नका हं."

"का रे?"

"त्या स्वतः फोन करतील ना, तेव्हा मला एकदम आनंद व्हायला हवा. तोवर थोडी प्रॅक्टिस करतो."

मॅडमचा फोन अजून गेलेला नाही.