चुना खाणाऱ्या गोगलगायी

मखमलाबादच्या त्या रोपांच्या नर्सरीत गोजराबाईला एकोणीस वर्षं झाली. पोरी येतात, जातात. ही बाई जागची हललेली नाही. नवरा गेला तेव्हाही तेरावं उरकून दुसऱ्या दिवशी झारी घेऊन हजर. तीन नंबरची शेड तिची, म्हणजे तिचीच. तिथल्या टोमॅटोच्या रोपाला कुणी बोट लावलं तरी बाईचा पारा चढतो.

अन् नेमक्या त्याच शेडीत यंदा गोगलगायी शिरल्या. मुठीएवढ्या, तपकिरी शंखाच्या. रात्रीतून ट्रेच्या ट्रे फस्त, सकाळी नुसते देठ. मालक शेखरभाऊंनी वडिलांची जुनी युक्ती काढली. शेडीच्या भिंतीला कंबरेपर्यंत चुना दिला; चुन्याला किडा शिवत नाही म्हणे. भिंत वाळली आणि गोगलगायी दुप्पट झाल्या. भाऊंनी दुसरा हात मारला. तरी तेच. मग त्यांनी सांगून टाकलं, सोमवारपर्यंत हे थांबलं नाही तर तीन नंबर बंद आणि गोजराबाईनं घरी बसायचं.

रविवारी उजाडायला ती आली आणि दारातच थबकली. पंधरा-वीस गोगलगायी अजून भिंतीवर. कोवळी रोपं सोडून या मेल्या भिंतीला का चिकटल्यात? वाकून बघते तर काय, चुना खरवडून खात होत्या! मागं नागमोडी रेघाच रेघा. एवढा शंख वाढवायचा तर चुना लागणारच की! भाऊ त्यांना हाकलत नव्हते, आग्रहानं वाढत होते.

आता बाई कसली थांबते. चिकट, चकाकती रेघ धरून निघाली ती भिंतीमागं, पाण्याच्या टाकीखाली. तिथं ओल्या बारदानांचा ढीग, त्यात पपईचा कुजका पाला. ऊन नाही, वारा नाही, ओल मात्र बारमाही. बारदान उचललं आणि सापडल्या. एकीवर एक, शेकड्यांनी बसलेल्या. हाताला पिशव्या बांधून तिनं दुपारपर्यंत मिठाच्या पाण्याचे दोन ड्रम गोगलगायींनी भरले.

सोमवारी एकही रोप कुरतडलेलं नव्हतं. शेखरभाऊ ट्रेमागून ट्रे बघत गेले. बाईनं सगळी हकिगत एका दमात सांगितली. ते ओशाळले, आता काय करायचं म्हणून तिलाच विचारू लागले.

"भाऊ, दोन दिवस तुम्हीच घरी बसा," गोजराबाई म्हणाली. "मला भिंत खरवडायची हाय."